गर्भारपणातली सोनोग्राफी : कोणत्या आठवड्यात, कशासाठी?

आपल्या नरसी नामदेवसारख्या गावात घरात सून किंवा लेक गरोदर असल्याचं कळलं की दोन प्रकारची घरं दिसतात. एका घरात पाळी चुकून आठ दिवस होत नाहीत तोच तिला हिंगोलीला नेतात, "ठोके आले का" ते बघतात आणि मग थेट आठवा महिना लागेपर्यंत त्या फाईलकडे कुणी ढुंकून बघत नाही. दुसऱ्या घरात सासूबाई म्हणतात, "आम्हाला सहा झाली, कोणत्या मशीनीत बघितलं होतं?" दोन्ही घरं आपापल्या जागी मायेनंच वागत असतात. पण दोन्हीकडे नेमकी तीच गोष्ट निसटते, ती म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या शेवटची आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी. या दोन तपासण्यांना ठरलेली वेळ असते. ती वेळ गेली की पुढे कितीही पैसे घालून, कितीही मोठ्या शहरात जाऊन तीच माहिती तशी मिळत नाही. आणि मुस्लिम कुटुंबांसाठी तर या तारखांना आणखी एक अर्थ आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. शाळेत पालकसभा संपली की आया थांबतात, पर्समधून घडी घातलेला रिपोर्ट काढतात आणि विचारतात, "मॅडम, यात काय लिहिलंय?" इंग्रजीतला तो कागद घरात कुणालाच वाचता येत नाही आणि डॉक्टरांकडे गर्दी असते. त्यांना पडणारे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून हा लेख.

आधी दिवस मोजायला शिकूया

आपण महिने मोजतो, डॉक्टर आठवडे मोजतात. अर्धा गोंधळ इथेच होतो. डॉक्टरांचा पहिला आठवडा सुरू होतो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवशी, म्हणजे हमल राहण्याच्याही साधारण दोन आठवडे आधी. तिथपासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे धरून बाळंतपणाची अंदाजे तारीख काढतात. समजा शेवटची पाळी 1 जानेवारीला आली. तर तारीख येते 8 ऑक्टोबर. घरात मात्र कुणी चांदचे महिने धरतं, कुणी इंग्रजी, कुणी "चौथा लागला" म्हणतं तर कुणी "तीन भरले". चांदचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. नऊ महिन्यांत दोन्ही हिशेबांत आठ-नऊ दिवसांचा फरक पडतो.

पाळीची तारीख लक्षात नाही असं पुष्कळ जणी सांगतात. पण रमजानच्या आसपासची असेल तर आपल्या बायकांना ती पक्की आठवते, कारण कोणत्या तारखेपासून रोजे सुटले आणि किती कजा राहिले याचा हिशेब प्रत्येकीकडे असतो. तो हिशेब डॉक्टरांना सांगा, "सतराव्या रोज्याला" असं सांगितलं तरी चालेल, कॅलेंडर बघून तारीख काढता येते. खरी अडचण होते ती अंगावर पाजत असताना, मधे पाळी आलीच नाही आणि दिवस राहिले तर. अशा बाईला तारीख कळण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे, लवकर केलेली सोनोग्राफी.

मशीन करतं काय?

हा एक्स-रे नाही. किरणं नसतात. हातातल्या प्रोबमधून आपल्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला लाखो कंपनांचा आवाज पोटात जातो, आतल्या वेगवेगळ्या भागांवर आदळून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र तयार होतं. विहिरीत हाक मारल्यावर आवाज परत येतो, तसंच काहीसं. पोटावर थंडगार जेली लावतात ती मधली हवा काढून टाकण्यासाठी, कारण हवेतून हा आवाज नीट पुढे जात नाही. गंमत म्हणजे हे तंत्र दवाखान्यात आलं ते कारखान्यातून. लोखंडाच्या पत्र्यातले आतले तडे शोधणारी यंत्रं होती, ती वापरून स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाच्या डॉक्टरांनी बायकांच्या पोटातल्या गाठी आणि गर्भ पाहिला. त्यांचा शोधनिबंध 1958 साली प्रसिद्ध झाला.

गरजेपुरती सोनोग्राफी केल्यानं बाळाला अपाय होतो असं दिसून आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून सांगते की प्रत्येक गरोदर बाईची 24 आठवड्यांच्या आत निदान एक तरी सोनोग्राफी व्हावी. तेव्हा "मशीननं बाळ कमजोर होतं" हे मनातून काढून टाका. पण दर महिन्याला हौसेनं बाळाचं तोंड बघायला जाणं, हेही काही बरोबर नाही.

उपाशी जायची गरज नसते. सुरुवातीच्या महिन्यांत मात्र तीन-चार ग्लास पाणी पिऊन, लघवी थांबवून बसायला सांगतात, कारण भरलेल्या लघवीच्या पिशवीमुळे गर्भपिशवी वर येते आणि स्पष्ट दिसते. रमजानमध्ये तपासणी असेल तर हे आधीच सांगा. घाई नसेल तर डॉक्टर तारीख पुढे-मागे करतात. घाई असेल तर रोजा नंतर ठेवण्याची सवलत गरोदर बाईला आहेच.

पहिली तपासणी : सहा ते आठ आठवडे

यात चार गोष्टी बघतात. गर्भ पिशवीतच आहे ना, एक आहे की जुळं, ठोके आहेत का, आणि किती आठवड्यांचा आहे. त्यातली पहिली गोष्ट जिवाशी संबंधित आहे. कधी कधी गर्भ नळीतच वाढतो आणि नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला जोरात कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

ठोके साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसतात. पाचव्या आठवड्यात गेलात तर दिसणार नाहीत आणि उगाच रडारड होईल. "ठोके नाहीत, पिशवी साफ करावी लागेल" असं पहिल्याच भेटीत कानावर आलं आणि रक्तस्राव किंवा जास्त दुखणं नसेल, तर आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करता येईल का, हे जरूर विचारा. पाळी उशिरा येणाऱ्या बायकांत दिवस मोजण्यातच चूक झालेली असते.

या रिपोर्टवर जी तारीख येते ती जपून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकानं बरोबर असते. आठव्या-नवव्या महिन्यात काढलेली तारीख तीन आठवडेसुद्धा चुकू शकते, कारण तोवर प्रत्येक बाळाची वाढ वेगळी होते. प्रत्येक रिपोर्टवर वेगळी तारीख बघून घरात भांडणं होतात. पहिली तारीख खरी धरायची, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तिसरा महिना आणि 120 दिवसांचा प्रश्न

दुसरी तपासणी 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस या काळात. हिला एनटी स्कॅन म्हणतात. बाळ तेव्हा साधारण साडेचार ते साडेआठ सेंटिमीटरचं असतं. त्याच्या मानेमागे कातडीखाली थोडं पाणी असतं, त्याची जाडी मोजतात. ती जास्त असेल तर गुणसूत्रांचा दोष, जसं डाऊन सिंड्रोम, किंवा हृदयाचा दोष असण्याची शक्यता वाढते. शक्यता वाढते, दोष आहेच असं नाही. सोबत डबल मार्कर नावाची रक्ताची तपासणी करतात. डोक्याची कवटीच तयार न होणं यासारखे काही गंभीर दोष या वयातही दिसू शकतात.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे हमलाच्या 120 दिवसांनी बाळात रूह फुंकली जाते, ही गोष्ट हदीसवरून सगळ्यांना माहीत असते. या मुदतीनंतर गर्भपाताबद्दल उलमांचं मत अतिशय कडक आहे. मक्केच्या इस्लामी फिक्ह अकादमीनं 1990 साली घेतलेला निर्णय असा आहे : 120 दिवसांच्या आत, विश्वासू तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळानं तपासण्या करून बाळात गंभीर आणि उपचार नसलेला दोष असल्याचं सिद्ध केलं आणि आईवडिलांनी मागणी केली तर परवानगी आहे. त्यानंतर आईच्या जिवाला मोठा धोका असेल तरच. सगळ्या मस्लकच्या उलमांचं मत अगदी सारखं नाही, काही त्याहून कडक आहेत. आपण ज्या आलिमांना मानता त्यांनाच विचारावं.

पण आलिमांकडे जाण्याआधी दिवसांचा हिशेब नीट घालावा लागतो, आणि तिथेच गफलत होते. 120 दिवस मोजले जातात हमल राहिल्यापासून. डॉक्टरांचे आठवडे मोजले जातात पाळीपासून, म्हणजे दोन आठवडे आधीपासून. तर 120 दिवस म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबानं 19 आठवडे आणि एक दिवस. वरचंच उदाहरण घ्या. पाळी 1 जानेवारीची. एनटी स्कॅनची मुदत 19 मार्च ते 8 एप्रिल. 120 दिवस पूर्ण होतात साधारण 15 मे रोजी. पाचव्या महिन्याची मोठी तपासणी 7 मे ते 21 मे या काळात येते. म्हणजे ती तपासणी 20 व्या आठवड्यात केली तर दोष कळेपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असते.

देशाचा कायदा यापेक्षा सैल आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं, बाळात दोष असेल तर 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं आणि दोष फार गंभीर असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं गर्भपात करता येतो. कायद्याची मुदत एक आणि दीनची मुदत दुसरी. ज्या कुटुंबाला दीनची मुदत पाळायची आहे त्यांच्यासाठी 12 व्या आठवड्याची तपासणी म्हणजे शहरी चोचला नाही. कठीण बातमी यायचीच असेल तर ती लवकर आलेली बरी. पुन्हा तपासणी, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, मौलानांचा सल्ला, नवरा-बायकोनं शांतपणे बोलणं, या सगळ्याला दिवस लागतात. कुणाला काहीही झालं तरी बाळ जन्माला घालायचंच असेल, तर त्यांनाही आधी कळल्याचा उपयोग होतो. जन्मतः ऑपरेशन लागणार असेल तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं.

एक अडचण सांगून ठेवते. एनटी मोजणं हे सरावाचं काम आहे. नुसतं "सोनोग्राफी करा" अशी चिठ्ठी घेऊन गेलात तर ठोके बघून परत पाठवतील. चिठ्ठीवर "एनटी स्कॅन" असं लिहून घ्या, आणि ते तिथे करतात का ते फोन करून विचारून मगच निघा.

पाचवा महिना : सगळ्यात मोठी तपासणी

18 ते 20 आठवड्यांत, फार तर 22 पर्यंत. हिला अनॉमली स्कॅन किंवा टार्गेट स्कॅन म्हणतात. डोक्यापासून तळपायापर्यंत बाळ बघतात : मेंदू, ओठ, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, पोट, दोन्ही मूत्रपिंडं, हातपाय. शिवाय वार कुठे चिकटली आहे, पाणी किती आहे आणि गर्भपिशवीचं तोंड बंद आहे का. वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. डॉक्टर मधे बोलत नाहीत, पडद्यावर मापं घेत राहतात. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ काहीतरी वाईट दिसलं असा नसतो. बाळ पाठ करून झोपलं असेल तर "जरा चालून या, काहीतरी गोड खा" असं म्हणतात. तेही नेहमीचंच.

हीच तपासणी आपल्या भागात सर्वांत जास्त चुकते. ऊसतोडीला गेलेल्या बायकांचा पाचवा महिना कारखान्याच्या फडावर जातो. हळद काढायला-शिजवायला लागली की घरातली सगळी माणसं शेतात असतात. म्हणून दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर 18 व्या आठवड्याची तारीख काढून कॅलेंडरवर गोल करा. बाहेरगावी जायचं असेल तर आशाताईंना सांगून जा आणि फाईल सोबत न्या.

या तपासणीला सगळं दिसतं असंही नाही. हृदयातलं बारीक छिद्र, ऐकण्यातला दोष, थॅलेसिमिया यातलं काही सोनोग्राफीत दिसत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक बाळांतही ठळक असं काही दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून डॉक्टरांनी लेखी हमी दिली असं समजू नये. थॅलेसिमियासाठी आईच्या, आणि गरज पडली तर वडिलांच्या रक्ताची तपासणी लागते. आपल्याकडे चुलत, मामे, आते नात्यात लग्नं होतात. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात बाळात जन्मतः दोष असण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट होते. तरीही बहुसंख्य बाळं चांगलीच जन्मतात. मुद्दा एवढाच की डॉक्टरांनी "नात्यात लग्न आहे का?" विचारलं तर लाजून नाही म्हणू नका. घरात आधी एखादं मूल दगावलं असेल, तेही सांगा.

आणि पाठीच्या कण्याचा दोष सोनोग्राफीत पाचव्या महिन्यात दिसतो, पण तो घडतो हमल राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत, जेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. त्याची काळजी घेणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी म्हणून आधीपासून घ्यायची असते. पुढच्या बाळाचा विचार असलेल्या घरात ही गोळी आजपासून सुरू झाली तर फार बरं.

रिपोर्टमधले शब्द आणि उगाच उडणारी झोप

"सिंगल लाइव्ह इंट्रायूटेराइन" म्हणजे पिशवीत एक जिवंत बाळ. "एफएचआर" म्हणजे ठोके, मिनिटाला 110 ते 160 चांगले. "ईडीडी" म्हणजे बाळंतपणाची तारीख. "सेफॅलिक" म्हणजे डोकं खाली, "ब्रीच" म्हणजे पायाळू. सातव्या महिन्यात पायाळू असलेली बहुतेक बाळं नंतर आपोआप फिरतात. "एएफआय" म्हणजे पाण्याचं माप, 5 ते 25 च्या मधे असलं की ठीक. "ईएफडब्ल्यू" म्हणजे वजनाचा अंदाज, आणि तो खरोखर अंदाजच असतो. तीन किलो लिहिलेलं बाळ अडीचच्या वर काही किंवा साडेतीनला थोडं कमी निघू शकतं.

"नाळेचा एक वेढा मानेभोवती आहे" हे वाचून सगळं घर हादरतं. चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी हे आढळतं आणि बहुतेक बाळं व्यवस्थित जन्मतात. केवळ त्यासाठी सिझर लागत नाही. तसंच "हृदयात इकोजेनिक फोकस" किंवा "मेंदूत कोरॉइड प्लेक्सस सिस्ट". नावं भयंकर आहेत, पण बाकी सगळं ठीक असताना एकट्या अशा खुणेनं बाळाला काही होत नाही. पुढची तपासणी हवी का ते डॉक्टर सांगतील. मोबाईलवर रात्रभर शोधत बसू नका.

"वार खाली आहे" हे मात्र नीट ऐका. पाचव्या महिन्यात खाली असलेली वार गर्भपिशवी वाढेल तशी बहुतेक वेळा वर सरकते, म्हणून 32 व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघतात. ती तेव्हाही पिशवीच्या तोंडावरच असेल तर साधी जचकी होऊ शकत नाही, सिझरच करावं लागतं, तेही जिथे रक्ताची सोय आहे तिथे. आधीचं सिझर असेल आणि आता वार खाली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण वार जुन्या टाक्यांच्या जागी रुतून बसलेली असू शकते. अशा बाईला न दुखता एकदम भरपूर रक्त जाऊ शकतं. "नवव्या महिन्यात बघू" असं म्हणण्याची ही जागा नाही. आठव्या महिन्यातच कुठे दाखल व्हायचं, गाडी कुणाची, रक्त कोण देणार हे ठरलेलं असावं. वार खाली असल्याचं ज्या घराला वेळेत कळलं, त्या घराला तयारीला तीन महिने मिळाले. ज्याला नाही कळलं, त्याला ते रस्त्यात कळतं.

सातव्या ते नवव्या महिन्यातल्या तपासण्या वाढ, पाणी आणि बाळाची बाजू बघण्यासाठी असतात. ब्लड प्रेशर, शुगर, जुळं किंवा वाढ कमी असेल तर डॉपलर करतात, त्यात नाळेतला रक्तप्रवाह कळतो. सगळं सुरळीत असेल तर फार वेळा करायची गरज नसते.

पडदा, पुरुष डॉक्टर

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्यानं लिहिते. महिला सोनोलॉजिस्ट मिळाल्या तर उत्तमच. आपल्या भागात नेहमी मिळत नाहीत. गरजेच्या वेळी महिला डॉक्टर नसेल तर पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला उलमा परवानगी देतात, गरजेपुरतंच अंग उघडं ठेवून. पोटावरच्या सोनोग्राफीला फक्त पोट उघडं लागतं. एकसंध गाऊन न घालता सलवार-कमीज घाला, बुरखा पुढून उघडणारा असू द्या, एक मोठी ओढणी किंवा चादर सोबत ठेवा. सुरुवातीच्या आठवड्यांत कधी कधी आतून तपासणी करावी लागते. तेव्हा खोलीत नर्स किंवा घरातली बाई थांबावी, असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. यात लाजण्यासारखं किंवा भांडण्यासारखं काही नाही, चांगले डॉक्टर स्वतःच व्यवस्था करतात.

"रहममध्ये काय आहे ते अल्लाहच जाणतो, मग बघायचं कशाला?" असंही विचारतात. बाळाचं नशीब, आयुष्य, स्वभाव मशीनला कळत नाही. तयार झालेल्या शरीराची सावली तेवढी कळते. ताप आल्यावर थर्मामीटर लावतो, तेवढंच हे.

मुलगा की मुलगी?

विचारू नका. कोड्यात नाही, "मिठाई कोणती आणू?" असंही नाही. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, 1988 साली. केंद्राचा कायदा 1994 चा, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. शब्दानं, खुणेनं, कोणत्याही प्रकारे लिंग सांगणं गुन्हा आहे. विचारणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गरोदर बाईवर नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली, असंच कायदा आधी गृहीत धरतो. म्हणून तर सोनोग्राफीच्या आधी "एफ" फॉर्म भरून घेतात, ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, आणि "मला लिंग जाणून घ्यायचं नाही" यावर तुमची सही घेतात. त्याला कटकट म्हणू नये.

हे सगळं आपल्यापासून लांबचं आहे असं वाटत असेल तर मराठवाड्याकडेच बघा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. बीड जिल्ह्यात 807. मुलींना जिवंत पुरण्याची चाल कुरआननं मोडली, हे आपण तकरिरीत अभिमानानं सांगतो. मग तिसऱ्या मुलीनंतर सुनेकडे कसं बघतो, तेही एकदा बघावं. कुठे लिंग सांगितलं जातं असं कळलं तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे तक्रार करता येते.

कुठे जायचं?

गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे नाव नोंदवा, तेही पहिल्या तीन महिन्यांतच, आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. केंद्रात वजन, रक्तदाब, रक्त-लघवी होते, सोनोग्राफीसाठी मात्र हिंगोलीला पाठवतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांना त्या दिवशी डॉक्टर तपासतात. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातल्या तपासण्या, सोनोग्राफी, औषधं, सिझरसुद्धा मोफत आहे, आणि 102 ची गाडीही. गर्दी असते, दिवस मोडतो, सकाळी लवकर निघावं लागतं. पण एनटी आणि अनॉमलीची मुदत त्या रांगेसाठी थांबत नाही. तारीख फारच पुढची मिळत असेल तर ती एक तपासणी खासगीत करून बाकीच्या सरकारीत करता येतात. खासगी केंद्रात फी आधी विचारा. हिंगोलीत 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. बाळाच्या हृदयाची खास तपासणी किंवा गुंतागुंत असेल तर नांदेडसारख्या मोठ्या ठिकाणी पाठवतात. त्या चिठ्ठीला "बला टळली" समजून घरी ठेवू नका, त्याच आठवड्यात जा.

आणि नवऱ्यानं सोबत जावं. बाहेर टपरीवर न थांबता आत, डॉक्टर सांगतात तेव्हा. बाईला एकटीला सांगितलेलं घरी येईपर्यंत सासू, नणंद, जाऊ यांच्या तोंडून तीन प्रकारांनी बदलतं.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या महिन्यात माहेरी येते. कपडे येतात, डबे येतात, फाईल सासरी राहते. मग इकडचे डॉक्टर पहिल्या सोनोग्राफीची तारीख विचारतात आणि कुणाकडेच नसते. सगळ्या रिपोर्टचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एक प्रत आईच्या मोबाईलवर पाठवा. आणि तिची बॅग भराल तेव्हा सगळ्यात वर फाईल ठेवा.